हवा बदलली की स्किनकेअर कसं बदलायचं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दरवर्षी हवा पालटली की मला ओळखीच्या पोरींचे मेसेज सुरू होतात. कुणी म्हणते ताई तोंड धुतलं की गाल ओढल्यासारखे होतायत, कुणी म्हणते दुपारपर्यंत नाकावर नुसतं तेल आणि कपाळावर बारीक पुरळ. आणि प्रत्येकीला वाटत असतं की आपली स्किन बिघडली. बहुतेक वेळा स्किन बिघडलेली नसतेच, हवा बदललेली असते आणि आपण अजून गेल्या तीन-चार महिन्यांच्या हवेचंच रुटीन रेटत असतो. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून काढावं, म्हणजे ज्यांनी आजवर फेसवॉश आणि हाताला लागेल ते क्रीम यापलीकडे काही केलं नाहीये त्यांनाही कळेल. मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते, पण बरीच वर्षं वाचतेय, स्वतःच्या चेहऱ्यावर करून बघतेय, आणि माझी स्किन मिक्स आणि जरा नाजूक आहे त्यामुळे चुका लगेच दिसतात.

आधी हे समजून घ्या, मग खरेदीला जा

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा फार जाड नसतो. त्यात चपट्या मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि विटांच्या मधे सिमेंट असतं, ते म्हणजे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. हे सिमेंट शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं. तरी थोडं थोडं पाणी सतत उडतच असतं, आपल्याला घाम आलेला नसतानाही. हवा कोरडी झाली की ते जास्त उडतं, आणि वरून आपण कडक साबण लावून सिमेंटच धुऊन टाकलं की मग गाल पांढरे पडणं, आग होणं, मेकअप पापुद्र्यांवर अडकणं हे सगळं सुरू होतं. दमट आणि गरम हवेत याच्या उलट, पाणी कमी उडतं पण घाम येतो, तेल पसरतं, आणि थंडीत लावलेलं तेच जाड क्रीम आता चेहऱ्यावर बसून राहतं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्वचेला कॅलेंडर कळत नाही, तिला फक्त हवा कळते. थंड हवेत मुळात वाफ कमी मावते, आणि तीच हवा हीटरने तापवली की ती आणखी कोरडी होते. एसीसुद्धा खोलीतला ओलावा काढून घेतो. म्हणजे बाहेर घामाच्या धारा लागल्या असतील पण तुम्ही दिवसाचे आठ-नऊ तास एसीत बसत असाल तर तुमच्या गालांचा ऋतू थंडीचाच चालू आहे. म्हणून "उन्हाळा आला, जेल घ्या" असा सरसकट सल्ला मला पटत नाही, तुम्ही जास्त वेळ कुठल्या हवेत असता ते बघा. मोबाइलच्या वेदर अ‍ॅपमध्ये तापमानासोबत ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा, दिलेली असते, तो आकडा बघायची सवय लावा. फक्त घर हीटरने तापवत असाल तर बाहेरच्या आकड्यावर जाऊ नका, आत त्यापेक्षा खूप कोरडं असतं.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

हो खरंच. नवीन काही आणायच्या आधी आहे तेच वापरा आणि फक्त बघा. एक सोपी टेस्ट सांगते, एखाद्या सुट्टीच्या दिवशी तोंड धुवा, टिपून घ्या आणि साधारण अर्धा-पाऊण तास काहीच लावू नका. सगळा चेहरा ओढल्यासारखा झाला तर आत्ता तुम्हाला ओलावा हवाय, कपाळ-नाक-हनुवटी चमकायला लागली आणि गाल ठीक असतील तर मिक्स, सगळीकडेच तेल आलं तर तेलकट. ही टेस्ट दर ऋतूला नव्याने करायची, कारण "माझी स्किन ऑइली आहे" हे कुणीतरी कॉलेजात असताना सांगितलेलं धरून लोक दहा-दहा वर्षं चालतात. आणखी एक, खिडकीजवळच्या उजेडात, फिल्टर न लावता, एक फोटो काढून ठेवा. महिन्याभराने तुलना करायला उपयोगी पडतो, नाहीतर आपल्याला रोज बघून काही कळत नाही.

मग जुन्या बाटल्या बाहेर काढा

सगळं एका टेबलावर मांडा. बऱ्याच पॅकवर एक छोटं उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात ६, १२, २४ असा आकडा लिहिलेला असतो, ते उघडल्यापासूनचे महिने. कधी उघडलं ते कुणालाच आठवत नाही, म्हणून मी आता उघडताना मार्कर पेनने तळाशी तारीख लिहिते. व्हिटॅमिन सी सीरम (सीरम म्हणजे क्रीमच्या आधी लावायचं पातळ, जास्त तीव्र औषधी द्रव) गडद पिवळं-तपकिरी झालं असेल तर ते ऑक्सिडाइझ झालंय, टाकून द्या, महागाचं होतं म्हणून लावत बसू नका. सनस्क्रीनची एक्सपायरी तर नक्की बघा, आणि गाडीत उन्हात पडून राहिलेली ट्यूब, किंवा पिळल्यावर आधी पाणी आणि मग क्रीम असं फाटून येणारी, तारीख उरलेली असली तरी वापरू नका. वास बदललेला, डबीत बोटं घालून घालून रंग बदललेला, तेही गेलंच. उरलेल्यातून जाड क्रीम असेल तर ते थंड कोरड्या जागी बंद करून पुढच्या थंडीसाठी ठेवता येतं, आकडा उलटला नसेल तर.

सगळ्यात आधी फेसवॉश बदला, क्रीम नाही

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्वद टक्के गडबड इथेच असते असं माझं स्वतःचं मत झालंय. लोक थंडी आली की जाड क्रीम आणतात पण तोंड मात्र त्याच फेस येणाऱ्या, "तेल खेचून काढणाऱ्या" फेसवॉशने, तेही गरम गरम पाण्याने धुतात. म्हणजे एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं.

त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. अंगाचा नेहमीचा साबण ९ ते १० च्या घरात, म्हणजे उलट बाजूला, अल्कधर्मी असतो. प्रत्येक वेळी साबणाने धुतलं की त्वचेला परत आपल्या जागी यायला वेळ लागतो, दमट हवेत ती ते निभावून नेते, कोरड्या हवेत नाही नेत. म्हणून हवा कोरडी होतेय असं दिसलं की पहिला बदल हा, फेस कमी येणारा, क्रीम किंवा लोशनसारखा क्लेंझर, म्हणजे तोंड धुवायचंच प्रॉडक्ट. धुतल्यावर चेहरा "चर्र" वाजला पाहिजे ही कल्पना डोक्यातून काढून टाका, तो आवाज स्वच्छतेचा नाहीये, तेल पूर्ण गेल्याचा आहे. धुऊन झाल्यावर चेहरा मऊ आणि आरामात वाटला पाहिजे, बस.

सकाळी तर कोरडी स्किन असेल तर नुसत्या पाण्याने धुतलं तरी चालतं, रात्रभर तुम्ही उशीवरच होता, धुळीत नाही. पाणी कोमट. आंघोळसुद्धा पाच-दहा मिनिटांत उरका, थंडीत कढत पाण्याखाली उभं राहायला किती बरं वाटतं ते मला माहितीये पण पोटऱ्यांना खाज सुटते ती त्यानेच.

उलट गरम-दमट हवा येत असेल तर हलका जेल क्लेंझर घ्या, आणि रात्री सनस्क्रीन नीट निघतंय ना ते बघा. घामाला टिकणारं वॉटरप्रूफ सनस्क्रीन एका धुण्यात पूर्ण निघत नाही, तेव्हा आधी क्लेंझिंग बाम किंवा मायसेलर वॉटर (दोन्ही मेकअप-सनस्क्रीन काढायला असतात) आणि मग फेसवॉश असं दोनदा करावं लागतं. पण घाम आला म्हणून दिवसातून पाच वेळा फेसवॉश लावू नका, दोनदा पुरे, मधे नुसतं पाणी मारा. जास्त वेळा धुतल्याने तेलकटपणा तात्पुरता जातो आणि चिडलेली त्वचा मात्र मागे राहते, मग त्यावर पिंपलची औषधं लावली की अजून आग.

मॉइश्चरायझर: नावावर जाऊ नका, मागे काय लिहिलंय ते वाचा

पॅकवर विंटर केअर, समर ग्लो काहीही लिहिलेलं असो. आत तीन प्रकारची कामं करणाऱ्या गोष्टी असतात. काही पाणी धरून ठेवतात, जसं ग्लिसरीन, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, युरिया. काही पेशींमधल्या फटी भरून पोत मऊ करतात, जसं सिरामाइड, स्क्वालेन, शिया बटर. आणि काही वर झाकण घालतात, जसं पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, मेण. कोरडी हवा असेल तर तिन्ही लागतात, दमट हवेत पहिला प्रकार आणि थोडा दुसरा एवढ्यावर भागतं. घटकांची यादी जास्त प्रमाणापासून कमीकडे लिहिलेली असते (एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहिता येतात), त्यामुळे पहिली पाच-सहा नावं वाचली तरी क्रीम कसं असणार याचा अंदाज येतो. मोठ्या अक्षरात पुढे मिरवलेलं नाव यादीत सगळ्यात खाली असेल तर समजून जा.

हायल्युरॉनिक अ‍ॅसिडबद्दल एक सांगते कारण नवीन लोक सगळ्यात आधी तेच घेतात. ते पाणी धरतं, पण धरायला पाणी तर हवं! कोरड्या खोलीत, कोरड्या चेहऱ्यावर नुसतं सीरम लावून सोडून दिलं तर कित्येकांना चेहरा आणखीनच ताणल्यासारखा वाटतो. ओल्या चेहऱ्यावर लावायचं आणि लगेच वर क्रीम.

तसं कुठलंही मॉइश्चरायझर लावायची वेळ हीच, धुतल्यावर टॉवेलने हलकं टिपा, घासू नका, आणि दोन-तीन मिनिटांत लावा. महागडं क्रीम अर्ध्या तासाने लावण्यापेक्षा साधं क्रीम लगेच लावलेलं बरं. फारच कोरडं असेल तर रात्री क्रीमवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा, पाणी अडवायला त्याच्याइतकं चांगलं आणि स्वस्त काही नाही. पिंपल सहज येत असतील तर ते फक्त गालांच्या कोरड्या जागी आणि ओठांच्या कडेला.

आणि हो, गरमीत मॉइश्चरायझर बंद करायचं नाही, हलकं करायचं. जेल-क्रीम, लोशन, किंवा दिवसा सनस्क्रीनमध्येच पुरेसा ओलावा असेल तर वेगळं लावलं नाही तरी चालतं. एकाच चेहऱ्यावर दोन क्रीमं वापरली तरी काही बिघडत नाही, मी गालांना क्रीम आणि कपाळ-नाकाला जेल असंच करते, सगळीकडे एकच थापलं पाहिजे असा काही नियम नाही.

सनस्क्रीन बाराही महिने, फक्त प्रकार बदला

ऋतू कुठलाही असो ही एक गोष्ट रुटीनमधून जात नाही. सनबर्न करणारे यूव्हीबी किरण ऋतूप्रमाणे बरेच कमी-जास्त होतात, पण डाग आणि सुरकुत्या पाडण्यात मोठा हात असलेले यूव्हीए तेवढे बदलत नाहीत, ते ढगांतून येतात आणि साध्या काचेतूनही येतात. खिडकीला लागून दिवसभर बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. ताजा बर्फ असलेल्या ठिकाणी तर ८० टक्क्यांपर्यंत किरण उलटे चेहऱ्यावर येतात, आणि उंचीवर दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढ होते, त्यामुळे थंडीत डोंगरात फिरायला जाताना सनस्क्रीन घरी ठेवून जाणं म्हणजे पंचाईत. वेदर अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्सही, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिसतो, ३ किंवा जास्त असेल तर काळजी घ्यायचीच.

एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन किती यूव्हीबी अडवतं त्याचा पॅकवरचा आकडा, तो ३० असलेलं नीट लावलं तर साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडतात आणि ५० ने ९८. म्हणजे ३० आणि ५० मधे फरक आहे, पण किती लावता यात त्याहून मोठा फरक आहे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून तपासतात आणि आपण साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास लावतो. इथे हात आखडता घेऊ नका, तर्जनी आणि मधलं बोट अशा दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या रेघा ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला. एकदम जमत नसेल तर एक बोट, दोन मिनिटं थांबून दुसरं बोट. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत, घाम आला किंवा पोहून आलात तर लगेच.

प्रकार कसा बदलायचा, तर कोरड्या हवेत क्रीमवालं, दमट हवेत जेल किंवा फ्लुइड किंवा मॅट. डोळे चुरचुरत असतील तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं लावून बघा, बहुतेकांना ते सोसतं. पांढरट थर दिसत असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, घ्या, सावळ्या रंगावर छान बसतं आणि त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे दिसणारा प्रकाशही अडतो, वांग असणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.

रेटिनॉल, अ‍ॅसिड वगैरे

रेटिनॉल म्हणजे पिंपल-सुरकुत्यांसाठी लावतात तो व्हिटॅमिन ए चा प्रकार, आणि अ‍ॅसिड म्हणजे वरच्या मेलेल्या पेशी सैल करून काढणारी. नवीन असाल तर ऋतू बदलायच्या त्याच आठवड्यात हे सुरू करू नका. आधीपासून वापरत असाल आणि हवा कोरडी होत असेल तर बंद करायच्या आधी दिवस कमी करून बघा, रोज लावत असाल तर एक दिवसाआड, तेही नको वाटलं तर आठवड्यातून दोनदा. वाटाण्याएवढं संपूर्ण चेहऱ्याला पुरतं. आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, परत मॉइश्चरायझर असं सँडविच केलं तर आग बरीच कमी होते. ग्लायकोलिक सारखी अ‍ॅसिड वापरली की त्वचा उन्हाला जास्त नाजूक होते, तेव्हा कडक उन्हाच्या दिवसांत सनस्क्रीनचा कंटाळा करणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊच नये. एकाच रात्री रेटिनॉल आणि अ‍ॅसिड दोन्ही नको. प्रेग्नंट असाल किंवा तसा विचार चालू असेल तर रेटिनॉल-रेटिनॉइड नकोच, डॉक्टरांना विचारा. दमट हवेत नाकावर ब्लॅकहेड आणि बंद रंध्रं वाढतात तेव्हा सॅलिसिलिक अ‍ॅसिड बरं, ते तेलात विरघळतं म्हणून रंध्राच्या आत जातं, तेही आठवड्यातून दोन-तीनदा.

टोनर, आय क्रीम, शीट मास्क यांच्याशिवाय काही अडत नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

एका वेळी एकच

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. एका वर्षी थंडीच्या सुरुवातीला मी एका आठवड्यात पाच गोष्टी बदलल्या, नवीन क्लेंझर, सीरम, दोन क्रीमं आणि एक पील (वरचा थर काढणारं तीव्र अ‍ॅसिड), एक ना धड भाराभर चिंध्या. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही गालांवर लाल पुरळ आणि जळजळ, आणि नक्की कशामुळे ते कळायला काहीच मार्ग नाही. शेवटी सगळं बंद करून नुसतं कोमट पाणी, साधं बिनवासाचं क्रीम आणि सनस्क्रीन यावर आले, शांत व्हायला जवळपास महिना गेला आणि मग एकेक गोष्ट परत लावून बघावी लागली. तो महिना फार वाईट गेला, घराबाहेर पडायला नको वाटायचं.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी क्लेंझर, मग दोन आठवड्यांनी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीनचा प्रकार, आणि शेवटी लागलंच तर सीरम. तरुणपणी त्वचेच्या पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त, त्यामुळे चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बदलू नका. पण आग, सूज, खाज आली तर मात्र चार आठवडे वाट बघायची नाही, त्याच क्षणी धुवा आणि बंद. नवीन काहीही चेहऱ्यावर लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एका छोट्या जागी सकाळ-संध्याकाळ आठवडाभर तरी लावा. कंटाळवाणं आहे, कबूल, पण कोपरावरचा चट्टा लपवता येतो.

ओठ, हात, टाचा

ओठांना स्वतःचं तेल जवळजवळ नसतंच, त्यामुळे हवा कोरडी झाली की पहिले तेच फुटतात, आणि चाटले की थुंकी उडून जाताना उरलेला ओलावाही घेऊन जाते. मेंथॉलवाला गार वाटणारा बाम टाळा, साधी पेट्रोलियम जेली लावा. भांडी घासून, हात धुवून झाले की प्रत्येक वेळी हँडक्रीम, सिंकजवळच ट्यूब ठेवली तरच हे होतं. टाचांना युरिया असलेलं क्रीम, साधारण १० ते २५ टक्के, रात्री लावून वर सुती मोजे. भेगांतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो, आधी जेलीने भरून येऊ द्या. डायबिटीस असेल तर टाचांच्या भेगा घरी घासत बसू नका, दाखवून घ्या.

डॉक्टरांकडे कधी

साधं रुटीन तीन-चार आठवडे पाळूनही खाज, पापुद्रे जात नसतील, पाणी सुटत असेल, खाजेने झोपमोड होत असेल, दमट हवेत पाठीवर-छातीवर फिकट किंवा गडद ठिपके पसरत असतील (ते बहुतेक वेळा फंगल असतं, क्रीम थापून जात नाही), किंवा एखादा तीळ आकार-रंग बदलत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना गाठा. आणि एक कळकळीची विनंती, कुणीतरी "माझं यानेच गेलं" म्हणून दिलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. त्यात स्टिरॉइड असू शकतं, पहिले काही दिवस चेहरा एकदम गोरा-नितळ दिसतो आणि मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल येतात, बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं. आधीच महिनोन्‌महिने लावत असाल तर घाबरून एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना खरं काय ते सांगा, ते हळूहळू सोडवतात. जाताना घरात वापरता त्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या एका पिशवीत घालून घेऊन जा किंवा मागच्या यादीचे फोटो काढून न्या, आणि तो पहिल्या आठवड्यात काढलेला फोटोही दाखवा.